सातवं कलम

नर्सरीच्या फाटकापासून मागच्या हौदापर्यंत मोजून चारशे पावलं आहेत. हौदापाशी उभी राहून कलमवालीने "पाणी बंद" म्हटलं, की फाटकाजवळ नळावर असलेला माणूस नळ बंद करतो. नुसत्या ओरडणाऱ्या बायका पुष्कळ असतात. हिचा आवाज तापल्या पत्र्यावरून खिळा ओढावा तसा सरळ येतो, वाटेत कुठे वळत नाही, रोपांत अडकत नाही. शाळेत असताना गाण्याच्या बाईंनी तिला पहिल्या दिवशी शेवटच्या रांगेत बसवलं आणि दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात.

वय छप्पन्न. त्यातली एकतीस वर्षं या नर्सरीत, एकाच टेबलाशी, एकाच कामावर. रानलिंबाचा करंगळीएवढा खुंट, म्हणजे मुळासकटचं रोप, समोर घ्यायचा, सालीवर चाकूने टी-आकाराचा काप द्यायचा, साल अलगद उघडायची, चांगल्या जातीच्या झाडावरून काढलेला एक डोळा आत सरकवायचा आणि पट्टीने गच्च बांधून टाकायचं. डोळा म्हणजे पानाच्या बगलेतला नखाएवढा कोंब. काप खोल गेला तर खुंट जातो, उथळ राहिला तर डोळा सुकतो. दिवसाला दोनशे डोळे भरते ती, आणि शंभरातले सत्त्याण्णव धरतात. बाकीच्या बायकांचे ऐंशी धरले तरी मुकादम स्वतःहून चहा सांगतो.

लोक म्हणतात, हाताला यश आहे. ती म्हणते, यश कसलं, पहिली दोन वर्षं मी इतकी रोपं मारली की त्या वेळचा मुकादम मला बघितलं की टोपी काढून उभा राहायचा, मयताला आल्यासारखा.

नवरा छापखान्यात मुद्रितं तपासतो. लग्नाला तीस वर्षं झाली, पण तो दुकानाच्या पाटीखालून सरळ चालत गेलाय असं झालं नाही. थांबतो, मान वर करतो, आणि 'दुरुस्ती' ऱ्हस्व की दीर्घ यावर एकटाच हळहळतो. बोलणं इतकं हळू की टेबलाच्या पलीकडे पोचत नाही. एकाचा आवाज चारशे पावलं जातो आणि दुसऱ्याचा दोन हात, म्हणून यांचा संसार टिकला, असं खालच्या मजल्यावरच्यांचं मत आहे.

एकुलती एक लेक फ्रीज दुरुस्त करते. सहाव्या मजल्यापर्यंत गॅसची टाकी खांद्यावर घेऊन जाते आणि परत येऊन गिटार वाजवते. वाजवते म्हणजे तिच्याशी भांडते. तिची एक मैत्रीण ड्रम बडवते. दोघींचा मिळून पंक बँड आहे, नाव 'तण'. हे नाव का, असं कुणी विचारलं तर लेक सांगते, तणाला कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही आणि कुणी माझं म्हणत नाही, तरी ते येतंच. पंक म्हणजे काय, हे नवऱ्याने एकदाच ऐकून ठरवून टाकलं. "हे भांडण आहे," तो म्हणाला. "फक्त दोघींना एकदम सुचलंय."

घरात दोन खोल्या, त्यामुळे सराव कुठे करायचा हा प्रश्न होता. कलमवालीने मुकादमाला गळ घातली आणि सुट्टीच्या दिवशी कुंड्यांची शेड मिळाली, एका अटीवर, की किल्ली तिच्याच हातात राहील. म्हणून सुट्टीची सकाळ तिची शेडमध्ये जाऊ लागली. पोरी वाजवायच्या आणि ती पोत्यावर बसून रोपांच्या चिठ्ठ्या निवडायची, जुन्या एका बाजूला, चालणाऱ्या दुसऱ्या बाजूला. कानात कापूस घालून बघितला. मग कापूस काढला, कारण शब्द ऐकू येईनात आणि शब्द ऐकायला तिला आवडायला लागलं होतं.

शब्द बहुतेक ड्रमवालीच्या नोकरीतून यायचे. ती मूल होण्यासाठी उपचार करणाऱ्या एका दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते. दवाखान्याबद्दल तिची तक्रार नव्हती. रडत येणारी माणसं तिथून हसत जाताना तिने बघितली होती. पण कपाटात एक जाड फाइल होती. बीज देणाऱ्या बायकांची. एकेका बाईचं एकेक पान, त्यावर उंची, शिक्षण, केस, दात, छंद, आणि उजव्या कोपऱ्यात अ, ब, क असा दर्जा, दर्जाप्रमाणे दर. एक गिऱ्हाईक ती फाइल फरशांचा कॅटलॉग चाळावा तशी चाळत होतं. एका पानावर बोट ठेवून त्याने विचारलं, हिच्यात उंची जरा वाढवून मिळेल का. वर एका कंपनीचं नवीन पत्रक आलं होतं, गर्भाची तपासणी करून हुशार निघेल की नाही ते आधीच सांगू, नको ते काढून हवं ते घालायची सोयही लवकरच करू. त्या आठवड्यात ड्रमवालीने असा हात मारला की शेजारच्या रचलेल्या कुंड्यांतली एक तडकली.

गाणं तयार झालं. डोळे घारे, केस कुरळे, बुद्धी दीड पट, हप्त्यात मिळेल. लेक ते दात ओठ खाऊन म्हणत होती. पोत्यावरून कलमवालीने सहज विचारलं, "आणि नापसंत झालं तर परत घेतात का? आमच्याकडे घेतात. पंधरा दिवसांत, चिठ्ठी असेल तर."

दोघी थांबल्या. एकमेकींकडे बघितलं. मग लेक म्हणाली, आई, हे परत म्हण. ती परत म्हणाली. मोठ्याने म्हण, म्हणाली. मोठ्याने म्हटल्यावर हौदावरचे कावळे उडाले. तेव्हापासून 'पंधरा दिवसांत परत, चिठ्ठी असेल तर' ही त्या गाण्याची टेक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, झाली आणि टेक मारणं कलमवालीच्या गळ्यात पडलं. बँडचे तीनचार कार्यक्रम झाले, एक सायकलींच्या दुकानामागे, एक बंद पडलेल्या बस डेपोत. ती दर वेळी सामानाच्या आड उभी राहून ओरडायची. माइक लागायचा नाही. दिसायचं नाही, हा तिचा नियम. लोक विचारायचे, तो तिसरा आवाज कुठून येतो, आणि लेक सांगायची, जमिनीतून.

पण तिला सगळं पटलं होतं असं नाही. एकदा चिठ्ठ्या निवडता निवडता तिने पोरींना सरळ सांगितलं, की तुम्ही ज्याला शिव्या देता तेच मी रोज करते. एकाचं डोकं उडवते आणि दुसऱ्याचा डोळा बसवते. दिवसाला दोनशे. मग माझ्यावर का नाही गाणं?

तिसऱ्या आठवड्यात गिटारची तार बदलताना लेक म्हणाली, "तू झाडाला विचारत नाहीस, आई."

"झाड बोलत नाही."

"माणूस बोलतो."

"मग विचारा की त्याला," कलमवाली म्हणाली, आणि तेवढ्यावर तो विषय राहिला.

त्यानंतर सहा महिन्यांनी नर्सरी विकली गेली. मोठी कंपनी, बियाण्यांपासून औषधांपर्यंत सगळं करणारी. आली ती रंग घेऊन आली. फाटक हिरवं झालं, प्रत्येकाला हिरवा डगला मिळाला आणि छातीवर नंबर आला. मुकादम तोच राहिला. त्याला मात्र नंबर एक मिळाला, म्हणून दोन दिवस तो डगल्याची बटणं लावून फिरला.

मुकादमाने कलमवालीला एक वेगळं काम दिलं. बारा प्रकारच्या रानखुंटांवर एकाच लिंबाचे डोळे भरायचे, बारा ओळी लावायच्या आणि कोणतं कलम धरतं ते बघायचं. कंपनीचा माणूस येईल आणि एकेक कलमाचं विचारेल, तेव्हा नीट सांग, असं त्याने बजावलं. ती रोज सकाळी डबा टेबलावर ठेवायच्या आधी त्या बारा ओळींमधून फिरून यायची. तीन आठवड्यांनी चित्र साफ झालं. बहुतेक धरली होती. सातव्या ओळीत मुळांना बुरशी लागली होती.

नेमक्या त्याच आठवड्यात कंपनीने कामगारांसाठी आरोग्य योजना आणली. नळीत थुंकायचं, आणि साखर, रक्तदाब, पुढे होऊ शकणारे आजार, सगळं फुकट कळणार. त्याचा फॉर्म हात धुण्याच्या जागी भिंतीवर लावला होता. वर हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत अकरा कलमं. फोटो सगळ्यांनी बघितला. सह्या गोळा करायला वेळ जातो म्हणून मुख्य ऑफिसातून एक टॅबवाला साहेब आला. तिशीचा, सभ्य, बुटांना चिखल लागू नये म्हणून बगळ्यासारखा चालणारा. तो टेबलाटेबलाशी जाऊन तोंडी संमती विचारायचा. माणूस हो म्हणाला की टॅबवर खूण करायचा, आणि सगळं रेकॉर्ड व्हायचं.

कलमवालीच्या टेबलाशी आला तेव्हा तिच्या दातांत पट्टी होती आणि हातात चाकू. तो म्हणाला, मावशी, मुख्य ऑफिसातून आलोय, कलमांबद्दल विचारायचंय, एकेक नंबर घेतो, तुम्ही फक्त ठीक की नाही तेवढं सांगा.

तिने मान डोलावली. याचीच तर ती वाट बघत होती.

"कलम एक?"

"ठीक."

"कलम दोन?"

"ठीक."

असं करत सहापर्यंत आले. साहेब खुणा करत होता, ती डोळे भरत होती. मग त्याने सात म्हटलं आणि तिने दातांतली पट्टी काढली.

"सात नाही चालायचं. ते धरलेलंच नाही. वरून हिरवं दिसतंय, पण आतून काळं पडलंय."

साहेबाचं बोट वरच राहिलं. त्याने विचारलं, मग काय करावं असं तुमचं म्हणणं आहे?

"उपटून टाका," ती म्हणाली. "नुसतं वरचं कापून भागायचं नाही, मुळापासून काढा. आणि लवकर काढा, नाहीतर शेजारचं सहा आणि आठ पण सडेल."

साहेबाने शब्दन् शब्द टाइप केला. मग आठ ते अकरा ठीक झाली. तो आभार मानून निघाला तेव्हा तिने हाक मारली आणि बारावं कलम राहिलं म्हणाली. बारावं नाहीये, साहेब म्हणाला. नाहीये कसं, ती म्हणाली, समोर उभं आहे, सगळ्यांत चांगलं तेच आहे. साहेबाने टॅब वर केला, खाली केला, आणि माझ्याकडे बहुतेक जुनी प्रत आलीय असं पुटपुटत गेला. त्याच्या चार वर्षांच्या नोकरीत सातव्या कलमावर अडलेला माणूस त्याने बघितला नव्हता. हिने तर वाचलंही होतं आणि सहा-आठचा संबंधही लावला होता.

दुपारपर्यंत ही बातमी टेबलांवरून फिरली. नवरा मुद्रितं तपासतो हे सगळ्यांना माहीत होतंच. त्याने फॉर्म तपासलाय आणि सातव्यात घोटाळा काढलाय, असं बायकांनी आपसांत ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी साहेब उरलेल्या टेबलांवर आला तेव्हा नऊ जणींनी त्याला एका सुरात सांगितलं, सात आतून काळं आहे, उपटून टाका. कलमवालीला वाटलं, बाकीच्यांनाही लिंबाची काळजी आहे. तिला बरं वाटलं.

संध्याकाळी लेक घरी आली ती आईच्या गळ्यातच पडली. ड्रमवालीच्या मावसबहिणीकडून तिला कळलं होतं, ती तिथेच पॅकिंगला आहे. आपली आई कंपनीला असं बोलली, लेकीच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आम्ही तीन वर्षं गाणी म्हणतोय आई, आणि तू कामावर उभी राहून बोललीस. कलमवाली काय ते विचारू लागली तर लेकीने मोबाईलवर आलेला फॉर्मचा फोटो नवऱ्यापुढे ठेवला. नवऱ्याने भिंग घेतलं आणि सातवं कलम वाचलं. त्याच्या आवाजात वाचलं, म्हणून दोघींना पुढे वाकावं लागलं. कर्मचाऱ्याने दिलेला नमुना, त्यातील जनुकीय माहिती आणि त्या माहितीपासून पुढे तयार होणारं कोणतंही उत्पादन, वाण अथवा पद्धत यांवर कंपनीचा कायमचा, अहस्तांतरणीय नव्हे असा, हक्क राहील.

"अहस्तांतरणीय नव्हे असा," नवरा म्हणाला, आणि भिंग खाली ठेवलं. "म्हणजे हस्तांतरणीय. म्हणजे विकता येईल. साधं लिहिलं असतं तर कुणीतरी वाचलं असतं."

कलमवालीला दोनच शब्द कळले, पण ते पुरेसे होते. एक नमुना, म्हणजे तिची थुंकी, आणि एक वाण. वाण हा तिचा रोजचा शब्द होता. वाण म्हणजे जे चिठ्ठीवर लिहितात आणि ज्याच्यावर पोरी गाणी म्हणतात. मग तिला साहेब आठवला, बारावं कलम आठवलं, आणि तो कुठल्या कलमांचं विचारत होता ते उमगलं. लेक समोर उजळल्या तोंडाने उभी होती. तिला खरं सांगायला कलमवालीची जीभ रेटेना. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज दोन हातही गेला नाही.

दोन दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. ज्यांनी सगळी कलमं मान्य केलेली नाहीत त्यांना एक तारखेपासून टेबलावरून काढून पॅकिंगला पाठवण्यात येईल. पॅकिंग म्हणजे खोक्यात रोपं भरायची आणि झाकण लावायचं. त्यात वाईट काही नाही, पण एकतीस वर्षं चाकू धरलेल्या हाताला झाकण लावायला सांगणं, हे तिला रात्रंदिवस टोचू लागलं. बाकीच्या नऊ जणींपैकी सात जणी साहेबाकडे जाऊन ठीक म्हणून आल्या. त्यांना तिने दोष दिला नाही. तिलाही जाता आलं असतं, आणि तिच्याकडे तर खरं कारण होतं. साहेब, मी लिंबाचं बोलत होते, एवढं म्हटलं की टेबल शाबूत. पण लेकीने तोवर गाणंही केलं होतं. नाव 'सातवं कलम'. आतून काळं, उपटून टाका, अशी टेक.

शेवटी सुट्टीच्या सकाळी शेडमध्ये तिने सांगून टाकलं. पोत्यावर बसून, चिठ्ठ्या न निवडता. लेकीने सगळं ऐकलं. मग ती गिटारसकट खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता आडवी झाली. ड्रमवालीने ड्रमवर डोकं टेकलं. बारावं कलम समोर उभं आहे, हे आठवून दोघी पुन्हा पुन्हा फुटत होत्या. शेवटी कलमवालीही हसली, कारण दुसरं काय करणार.

मग लेक उठून बसली आणि तिने विचारलं, आता काय करणार आहेस.

"बघते," आई म्हणाली.

कंपनीची मोठी माणसं शनिवारी दुपारी नर्सरी बघायला येणार होती. काचघरात खुर्च्या मांडल्या, भाषणं ठरली, आणि मुकादमाला वाटलं की थोडं संगीत हवं. शेडमध्ये पोरी वाजवतात हे त्याला माहीत होतं, पण सुट्टीच्या दिवशी तो नर्सरीत फिरकत नसे, त्यामुळे काय वाजवतात हे माहीत नव्हतं. 'तण' हे नाव त्याला नर्सरीला शोभेसं वाटलं. लेकीने होकार द्यायला एवढासाही वेळ घेतला नाही.

कार्यक्रमाच्या आधी टॅबवाला साहेब कलमवालीला शोधत शेडमागे आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, मावशी, तुमचं रेकॉर्डिंग वर गेलं, कायदा विभागाने तीन दिवस त्यावर डोकं लावलं. तुमचं खरं निघालं. सात काढलं तर सहा आणि आठ तसेच राहू शकत नाहीत, ते त्यालाच जोडलेत. मोठे साहेब वैतागलेत. तुम्ही आत्ता ठीक म्हणालात तर मी लगेच खूण करतो. टेबल तुमचंच राहील. काहीतरी गैरसमज झाला असं लिहू.

गैरसमज हा शब्द त्याने आपणहून पुढे केला होता. तिने तो घ्यायचा, एवढंच बाकी होतं. कलमवालीने हात डगल्याला पुसले.

"गैरसमज झालाच होता," ती म्हणाली. "त्या दिवशी मी लिंबाबद्दल बोलत होते. तुमचा कागद मी बघितलाही नव्हता."

साहेबाला सुटल्यासारखं झालं. त्याने टॅब उघडला.

"थांबा," ती म्हणाली. "आता बघितलाय. आता कागदाबद्दल बोलते. माझी थुंकी घ्या, तपासा, साखर आहे की नाही ते सांगा. सांगून झालं की ओतून टाका. पुढे तिचं आणखी काही करायचं असेल तर मला विचारायला या, मी पाच वाजेपर्यंत इथेच असते. हा हात काही थुंकीतून आलेला नाही, दोन वर्षं रोपं मारून आलाय. तरी तुम्हाला वाटत असेल त्यात काही आहे, तर ते माझं आहे. माझ्या आईचं आहे. माझ्या लेकीचंही अर्धं त्यातलंच आहे, आणि तिला तर तुम्ही विचारलंच नाही."

साहेबाने टॅब सरळ धरला. मग म्हणाला, हे सगळं टाइप करू का?

करा, ती म्हणाली. आणि या वेळी बारावं विसरू नका, असंही म्हणाली असती, पण त्याचा चेहरा बघून तिला दया आली.

भाषणं झाली आणि 'तण' उभं राहिलं. काचघरात सामान ठेवायला आडोसाच नव्हता. सगळीकडे काच, सगळीकडे उजेड, समोर हिरव्या डगल्यांच्या रांगा आणि पुढे मोठे साहेब. लपायला एक कुंडीसुद्धा मोठी नव्हती. कलमवाली डाव्या बाजूला, लेकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पहिली रांग तिच्याकडे बघायला लागली. लेकीने तार छेडली, ड्रमवालीने चार मोजले, आणि टेक आल्यावर कलमवालीने तोंड उघडलं. काचा थरथरल्या म्हणतात, ते इथे शब्दशः झालं. वरच्या एका काचेचा सैल झालेला चुना टॅबवाल्या साहेबाच्या खांद्यावर पडला. आतून काळं, उपटून टाका. दुसऱ्या वेळी मागच्या रांगेतून दोन आवाज मिळाले, तिसऱ्या वेळी सातआठ. जाऊन ठीक म्हणून आलेल्याही त्यात होत्या. नवरा मागे दाराशी उभा होता, त्याचेही ओठ हलत होते. तो किती मोठ्याने म्हणत होता ते कुणाला कळणं शक्य नव्हतं.

गाणं संपल्यावर सगळे मोठ्या साहेबांकडे बघू लागले. मुकादमाने बटणं लावली. मोठे साहेब उठले, टाळ्या वाजवल्या आणि फार चांगलं म्हणाले. मुळांच्या बुरशीकडे आपण पुरेसं लक्ष देत नाही, तरुण मंडळी गाण्यातून हा प्रश्न मांडतायत, याचं कौतुक केलं पाहिजे. टॅबवाल्या साहेबाला ठसका लागला. तो बाहेर पाणी प्यायला गेला, आणि बराच वेळ आला नाही.

एक तारखेला कलमवाली पॅकिंगला गेली. पत्र म्हणजे पत्र. बाकी राहिलेल्या दोघीही तिच्याबरोबर होत्या. तिघींनी खोकी भरली, झाकणं लावली, आणि ड्रमवालीच्या मावसबहिणीला टेक शिकवली. कलमवालीच्या टेबलावर दुसरी बाई बसली. चांगली बाई, पण घाबरट. एका पंधरवड्यात तिच्या हातची निम्मी कलमं सुकली. मुकादम रोज मोजायचा आणि रोज पॅकिंगच्या दारात येऊन उभा राहायचा. ती त्याच्याकडे बघायची नाही. झाकणं लावत राहायची. एकदा एवढंच म्हणाली, की मुकादम, उन्हात उभे राहू नका, सुकाल.

विसाव्या दिवशी मुकादमाने तिचा चाकू आणून तिच्या हातात दिला. वर काय काय झालं हे कुणाला नक्की कळलं नाही. कायदा विभागाचं भांडण, वाया गेलेली रोपं, की टॅबवाल्या साहेबाने लिहून पाठवलेलं तिचं बोलणं. नवऱ्याचं मत असं की कुणीतरी अखेर ते वाक्य मोठ्याने वाचलं असणार.

दुसऱ्या दिवशी साहेब नवा फॉर्म घेऊन आला, या वेळी कागदावर. चिखलातून सरळ चालत आला. कलमवालीने हातातलं रोप बाजूला ठेवलं आणि कागद घेतला. तिने तो वाचला. पहिल्यापासून, बोट ठेवून, ओठ हलवत. अर्धा तास लागला. साहेब उभाच होता. सहा आणि आठ नव्याने लिहिलेली होती, साधी. नमुना तपासून झाल्यावर नष्ट करण्यात येईल. अन्य कामासाठी वापरायचा झाल्यास कर्मचाऱ्याला आधी विचारण्यात येईल आणि नाही म्हणण्याचा त्याला हक्क राहील. सहाच्या खाली मोकळी जागा होती, आणि त्यानंतर थेट आठ.

"सात?" तिने विचारलं.

नाहीये, साहेब म्हणाला. नंबर बदलायचे तर पुन्हा वरून मंजुरी लागली असती, म्हणून जागा तशीच ठेवली.

तिने सही केली. मग नळी मागून घेतली, पाठ फिरवून तीत थुंकली, झाकण लावलं आणि त्याच्या हातात दिली. साहेबाने आपल्या घरच्या गॅलरीतल्या लिंबाच्या रोपाला डोळा भरून मिळेल का असं चाचरत विचारलं. ती म्हणाली, घेऊन या, पण कुंडीसकट आणा, आणि आणाल तेव्हा सकाळचं आणा, दुपारी साल नीट सुटत नाही.